हप्ता बँकेचा आणि हप्ता इंजिनाचा

नवी मोटार घरी आली की आपल्याकडे पहिला नारळ तिच्या चाकापुढे फुटतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, काचेवर झेंडूचा हार चढतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. गल्लीत पेढे वाटले जातात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणी विचारतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' कोणी विचारतो, 'हप्ता किती बसला?' बॉनेट उचलून आत काय आहे, हे पाहायची इच्छा मात्र फारशी कोणाला होत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षे त्या घराचा बराचसा खर्च आणि बरीचशी सोय ज्याच्यावर अवलंबून राहणार, ते इंजिन पहिल्या दिवसापासून झाकलेलेच राहते.

माझी नोकरी बँकेत झाली. त्या काळात वाहनकर्जाचे अर्ज हाताखालून पुष्कळ गेले. पगाराचा दाखला, मार्जिनची रक्कम, जामीनदार, विमा, आरसी बुकावर बँकेचा बोजा, सगळे तपासून आम्ही सही करीत असू. कर्ज परत येईल की नाही हे पाहणारे शंभर रकाने त्या कागदांत होते. ज्या यंत्रासाठी कर्ज दिले, ते यंत्र कर्ज फिटेपर्यंत टिकेल काय, हे विचारणारा एकही रकाना नव्हता. वास्तविक तारण तेच होते.

एका शाळेतल्या गुरुजींनी कर्ज काढून गाडी घेतली होती. एका संध्याकाळी गावाकडे येताना समोरच्या काचेखाली तेलाच्या किटलीचे लाल चित्र पेटले. गाव पाच-सहा किलोमीटरवर होते. घरी जाऊन बघू, म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. गावाच्या अलीकडेच इंजिन जाम झाले. खालच्या झाकणाला दगड लागून तेल गळून गेले होते. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, दिवा लागला तवाच बंद केली आसती तर टोचन लावून आणली आसती. झाकण अन् तेलावर भागलं आसतं. आता समदं इंजिनच काढावं लागतंय." गाडी कितीतरी महिने दारात ताडपत्रीखाली उभी राहिली. हप्ता मात्र पगारातून दरमहा कापून येत होता. गुरुजींनी एकही हप्ता चुकवला नाही. बँकेच्या दृष्टीने ते खाते उत्तम होते. त्यांच्या घराच्या दृष्टीने ते काय होते, हे आमच्या लेजरमध्ये कुठेच दिसत नव्हते.

ही गोष्ट देवणीसारख्या भागात मला अधिक खटकते, कारण या भागाला सांभाळणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या या टोकाचे नाव एका गोवंशाला मिळाले आहे. पांढरा बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, असे देवणी जनावराचे तीन प्रकार इथले पोरही लांबून ओळखते. बाजारात बैल घेताना माणूस त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खांदा चाचपतो. घरी आणल्यावर शेण कसे पडते, रवंथ नीट करतो की नाही, पाणी किती पितो, यावर घरातल्या म्हातारीचेही लक्ष असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तूप-हळद चोळली जाते. बैलाने एक वेळ वैरण सोडली तर 'उद्या बघू' असे कोणी म्हणत नाही.

त्याच अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचे तेल मोजण्याची पट्टी मात्र वर्षवर्ष कोणी ओढून पाहत नाही. इंजिन हे आपल्या समजण्यापलीकडचे, कंपनीच्या माणसाचे काम, अशी एक समजूत झाली आहे. ती खरी नाही. इंजिनाला खायला इंधन लागते, श्वासाला हवा लागते, सांध्यांना तेल लागते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला पाणी लागते. जनावर राखणाऱ्याला यात नवे काहीच नाही. फरक आहे तो एकच, आणि तो फार मोठा आहे. जनावराची जखम भरून येते. चार दिवस विश्रांती दिली की दमलेला बैल उभा राहतो. इंजिनाची झीज मात्र भरून येत नाही. जे घासले ते गेले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तिथे फक्त घसारा आहे, व्याज जमा होण्याची सोय नाही. म्हणून इंजिनाची सगळी काळजी आधी घ्यावी लागते, नंतर घेतली जाते ती दुरुस्ती.

आता हे इंजिन करते तरी काय, ते पाहू. मराठवाड्यात 'इंजिन' हा शब्द आला तो मोटारीबरोबर नव्हे, विहिरीवर. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या काळात विहिरीच्या काठावर 'डुग् डुग्' करणारे डिझेल इंजिन हा खेड्यातला ओळखीचा आवाज झाला. तो आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना मोटारीचे इंजिन अर्धे समजलेलेच आहे. एक बिडाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे नळकांडे, म्हणजे सिलिंडर. त्यात खाली-वर होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. दट्ट्या खाली येतो तेव्हा हवा आणि इंधन आत ओढले जाते. वर जातो तेव्हा ते दाबले जाते. वर पोचता पोचता प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळालेला धूर बाहेर जातो. ओढणे, दाबणे, पेटणे, फेकणे. चार फेऱ्यांतली एकच कमाईची, बाकी तीन त्या कमाईच्या तयारीच्या. शेतकऱ्याच्या वर्षासारखेच हे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे हवाच इतकी दाबतात की तिच्या उष्णतेने डिझेल आपोआप पेटते. निकोलाउस ऑटो या जर्मन माणसाने हे चार टप्प्यांचे चक्र 1876 साली प्रत्यक्षात चालवून दाखवले. तेव्हापासून आजतागायत पेट्रोल मोटारीचा मूळ हिशेब तोच आहे.

बदलला तो वेग. विहिरीवरच्या इंजिनाचे ठोके मोजता येत. मोटार हमरस्त्यावर पळते तेव्हा तिचे इंजिन मिनिटाला अडीच ते तीन हजार फेरे घेत असते. तीन हजार फेरे म्हणजे प्रत्येक दट्ट्या सेकंदाला शंभर वेळा थांबून उलटा फिरतो. चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला शंभर स्फोट होतात. स्फोटाच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. दट्ट्या ज्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो ते साधारण 660 अंशांना वितळते. तरीही तो वितळत नाही, सिलिंडरला चिकटत नाही आणि आपण आत बसून गाणी ऐकत जातो. हे साधते ते हवा, तेल आणि पाणी या तीन साध्या गोष्टींमुळे.

हवेपासून सुरुवात करू. पेट्रोल जाळायला त्याच्या वजनाच्या जवळजवळ पंधरा पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा इंजिन नऊ-दहा हजार लिटर हवा ओढते. उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा. लिटरला वीस किलोमीटर अ‍ॅव्हरेज देणारी गाडी दर वीस किलोमीटरला तेवढी हवा गिळते. ती हवा कुठली? तुरीच्या राशीवरून आलेली, कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रॅक्टरने उडवलेली. त्यातला कण म्हणजे बारीक वाळूच. ती आत गेली तर सिलिंडर आतून घासला जातो. तिला अडवतो तो पन्नास घड्यांचा कागद, ज्याला आपण एअर फिल्टर म्हणतो. शहरातल्या माणसासाठी पुस्तकात लिहिलेले अंतर आपल्या धुळीला पुरत नाही. पुस्तकातही धुळीच्या भागासाठी लवकर बदला असे लिहिलेले असते, फक्त ते पान कोणी वाचत नाही. इंजिनाच्या सगळ्या भागांत हा कागद सर्वांत स्वस्तातला, आणि काटकसर नेमकी त्याच्यावरच होते.

दुसरे तेल. आपल्या बैलगाडीच्या आसाला वंगण घालत, ते एरंडेलाचे. वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे आणि आस कुरकुरला की गाडीवान खाली उतरे. मोटारीच्या तेलाचा जगप्रसिद्ध ब्रँड कॅस्ट्रॉल, त्याचे नाव 1909 साली पडले तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कारण त्या तेलात एरंडेल मिसळलेले होते. म्हणजे आपल्या आजोबांचे वंगण आणि विलायती मोटारीचे तेल एकाच झाडाचे होते. आज तेल खनिज किंवा कृत्रिम असते, काम तेच आहे. धातूवर धातू घासू न देणे. केसाहूनही पातळ असा तेलाचा थर दोन भागांना वेगळे ठेवतो. तो तुटला की काही मिनिटांत गुरुजींच्या गाडीचे झाले ते होते.

तेल एवढेच करीत नाही. ते उष्णता वाहून नेते आणि जळण्याची काजळी, धातूचा कीस आपल्यात घेऊन ठेवते. म्हणून ते काळे पडते. काळे तेल म्हणजे वाईट तेल नव्हे, ते कामाला लागलेले तेल आहे. पण कचरा किती वाहायचा याला मर्यादा असते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत सांगितलेली असते. यातले 'किंवा एक वर्ष' आपण सोयीने विसरतो. 'गाडी फिरलीच कुठे, उभीच तर आहे,' असे म्हणतो. गावातून मोंढ्यापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी पुरती तापतच नाही. जळण्यातून तयार झालेली पाण्याची वाफ आणि थोडे न जळालेले पेट्रोल तेलातच राहते. कमी फिरलेली गाडी म्हणजे जपलेली गाडी, ही म्हणूनच एक गैरसमजूत आहे. तेलाची तपासणी सोपी असते. सपाट जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबावे, पट्टी ओढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसले पाहिजे. खालच्या खुणेच्या खाली गेले तर धोका, आणि वरच्या खुणेच्या वर ओतणेही तितकेच चूक. याला ना पाना लागतो, ना मिस्त्री.

तिसरे पाणी, आणि पाणी म्हटले की लातूर जिल्ह्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते आपण पाहिले आहे. एरवी आपण राहतो बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो, बादलीच्या तळाला खरपुडी धरते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात धरतो. पेट्रोलमधून निघालेल्या उष्णतेचा फार तर तिसरा भाग चाकापर्यंत पोचतो. बाकीचा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावाच लागतो. नळ्या बुजल्या की इंजिन तापते, हेडचे गॅस्केट उडते आणि खर्च हजारांची भाषा सोडून लाखाकडे सरकतो. म्हणून त्यात बोअरचे पाणी नको. सांगितलेले कूलंटच घालावे, तेही मुदतीत बदलावे. अडल्या वेळी पाणीच घालावे लागले तर घालावे, आणि गावी पोचल्यावर ते काढून टाकावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले पाणी असते आणि ते थेट तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतणे हा तर त्याचा घात आहे, तडा जातो तो अशानेच.

पाण्यावरून आठवले. कार्ल बेंझने मोटारीचे पेटंट घेतले 1886 साली, पण ती गाडी लांबच्या प्रवासाला नेली त्याच्या बायकोने. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्टझहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तारेचे वेष्टण निकामी झाले तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतले. आणि ओढा-विहीर दिसेल तिथे थांबून इंजिनात पाणी भरले. जगातला पहिला मोठा मोटारप्रवास हा असा एका गृहिणीने, वाटेत देखभाल करीत पार पाडलेला आहे. 'आम्हाला गाडीतले काही कळत नाही' असे आपल्याकडे बायका म्हणतात आणि पुरुष कबूल न करता तसेच वागतात, त्या दोघांनीही हा प्रवास लक्षात ठेवावा.

आपल्या आधीच्या पिढीला हे ज्ञान सक्तीने आले होते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी तयार होत असे. तिचे 1089 सीसीचे इंजिन ज्याच्या घरी होते, त्याच्या डिकीत पाने, जुने प्लग, फॅन बेल्ट आणि पाण्याचा कॅन असायचाच. कार्बोरेटरमध्ये कचरा येई, पॉइंट घासावे लागत, थंडीत चोक ओढून आणि शेजाऱ्यांचा धक्का घेऊन गाडी सुरू होई. मग 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली. तीन सिलिंडर, 796 सीसी, किल्ली फिरवली की सुरू. तिने मध्यमवर्गाला मोटार दिली आणि बॉनेट उघडण्याची सवय घालवली. दोन हजार सालानंतर धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, संगणकावर चालणारे इंजेक्शन आले. 2020 च्या एप्रिलपासून बीएस सहा. आता बॉनेट उघडले तर वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि आपण हात मागे घेतो. संगणकाने ठिणगी आणि इंधन आपल्या ताब्यातून घेतले, ते चांगलेच केले. पण हवेचा कागद, तेल आणि कूलंट त्याने बदलून दिलेले नाही. ते काम अजून मालकाचेच आहे.

संगणकाने एक सोय मात्र केली. इंजिन आता बोलते. समोरची तीन चित्रे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असली पाहिजेत. तेलाची लाल किटली म्हणजे त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. लाल तापमापक म्हणजे थांबा, निवू द्या. पिवळे इंजिन म्हणजे हळू चालवत लवकरात लवकर मिस्त्रीला दाखवा. लाल रंगाशी वाटाघाटी नाहीत. धूरही बोलतो. निळसर असेल तर तेल जळते आहे, काळा असेल तर इंधन जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे, इंजिन तापल्यावरही पांढरा दाट येत राहिला तर कूलंट आत शिरते आहे. पण सगळेच भाग आधी सांगत नाहीत. कित्येक इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा रबरी पट्टा असतो. तो एक दिवस मुकाट्याने तुटतो आणि अनेक गाड्यांत वरच्या झडपा वाकवून जातो. अशा भागांसाठी कान उपयोगी नाही, गाडीबरोबर आलेले पुस्तकच उपयोगी. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, आणि तो किती किलोमीटरला बदलायचा, हे एकदा विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

इंधनाचीही गोष्ट बदलली आहे, आणि ती आपल्या उसाशी जोडलेली आहे. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. त्यात गाडीचा किंवा पंपवाल्याचा दोष शोधत बसू नये. मात्र इथेनॉल हवेतली ओल धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. 2023 च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि वायसर एकदा तपासून घ्यावेत. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा पुरती तापेपर्यंत, दहा-पंधरा किलोमीटर, फिरवून आणावी.

एवढा सगळा व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. बँकेतला माणूस म्हणून मी हिशेबाने उत्तर देतो. गाडीला दोन हप्ते असतात. एक बँकेचा, तो चुकला तर नोटीस येते, फोन येतो, जामीनदार दारात उभा राहतो. दुसरा इंजिनाचा. तो वर्षाला काही हजारांचा असतो, आणि तो चुकला तर कोणीही दारात येत नाही. इंजिन निमूटपणे थकबाकी चढवत जाते आणि एक दिवस सगळी एकरकमी मागते. त्या दिवशी मुदतवाढ मिळत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. एवढ्या वर्षांत बँकेचा हप्ता पाच-सात वर्षांत संपतो. इंजिनाचा शेवटपर्यंत चालतो, आणि तो नीट भरणाऱ्याचीच गाडी शेवटपर्यंत चालते. सर्व्हिसिंगच्या पावत्या पासबुकासारख्या जपाव्यात. गाडी विकताना गिऱ्हाईक रंग पाहून येतो, पण पैसे त्या पावत्या पाहून देतो.

हिशेबापलीकडेही काही आहे. पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर रिक्षा मिळते. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस उदगीरला किंवा लातूरला न्यायचा असतो, कळा सुरू झालेली लेक न्यायची असते. अँब्युलन्सला फोन लावलेला असतो आणि ती येईपर्यंत धीर निघत नाही. त्या वेळी गल्लीतले सगळे ज्या मोटारीकडे पाहतात, तिने पहिल्या किल्लीला सुरू झाले पाहिजे आणि वाटेत तापता कामा नये. त्या रात्री तिचा रंग, तिचा पडदा, तिची गाणी यांचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो मागच्या महिन्यात कोणीतरी पाच मिनिटे काढून ओढून पाहिलेल्या त्या पट्टीचा.

खंडेनवमीला आपण पाने, कोयते, नांगर धुऊन पुसून पूजेला मांडतो. हल्ली मोटारही धुतो, आणि हौसेने पाइपाचा फवारा थेट इंजिनावर सोडतो. तारा आणि सेन्सर ओले करून मग वर हार घालतो. या वर्षी इंजिन कोरड्या फडक्याने पुसावे. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही जवळ बोलावून बॉनेट उघडावे. हे तेल, हे कूलंट, हा हवेचा कागद, असे एकेक दाखवावे. बैलाचा दात कसा पाहायचा, हे आपल्याला कोणीतरी असेच हाताला धरून दाखवले होते.